विरजणात चिमूटभर साखर: जिवाणू ती खातात तरी कशी?

अदमुरी

मंडळी, आमच्या घरात गेली अकरा वर्षं एक शीतयुद्ध सुरू आहे. सासूबाई दही लावताना दुधात चिमूटभर साखर टाकतात. "विरजणाला खायला नको का काही?" हा त्यांचा युक्तिवाद. मी टाकत नाही. दही दोघींचंही लागतं, त्यामुळे निकाल काही लागत नाही.

परवा लेकाचा अँटिबायोटिक्सचा कोर्स संपला आणि डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. पुडीवर जिवाणूंच्या नावांखाली बारीक अक्षरात 'फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड' असं लिहिलंय. शोधल्यावर कळलं की ही साखरेचीच साखळी आहे, जिवाणूंची शिदोरी म्हणून सोबत घातलेली. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका.

तर जाणकारांनो, जिवाणूला ना तोंड, ना जीभ, ना पोट. तो साखर आत घेतो कसा? कुठलीही साखर चालते का? आणि शेवटी, आमच्या घरात बरोबर कोण?

तात्या_ठाणेकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिवाणूशास्त्रात नाही. सासूबाई बरोबर. पुढचा धागा सुखाने चालू द्या.

गणोजी

पुडीत दही, दह्यात साखर, साखरेला इंग्रजी नाव, आणि त्याचे पुडीमागे वीस-पंचवीस रुपये. आमच्या आजीने आयुष्यभर ताक प्यायलं, नव्वदीपर्यंत जगली. बाकी चालू द्या.

कोल्हापुरी_रस्सा

घरी चार म्हशी आहेत, दही मातीच्या मडक्यात लागतं. साखर कधी घातली नाही, घालणारा माणूसही पाहिला नाही. दूध तापवून, बोट बुडवून दहा अंक मोजता येतील इतपत कोमट झालं की विरजण. थंडीत मडक्याला गोधडी. सकाळी सुरीने वडी पाडावी असं कवडी दही. साखरेचा संबंध खाताना.

सूक्ष्मदर्शी

वीसेक वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हिशोब. अर्धा लिटर दुधात साधारण तेवीस-चोवीस ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली स्वतःची साखर, आधीपासूनच असते. चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम. दही लागून होईपर्यंत जिवाणू त्या लॅक्टोजचा चौथा, फार तर तिसरा हिस्सा वापरतात. तेवढ्यात आम्ल इतकं वाढतं की पीएच ४.६ च्या आसपास येतो, केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं, आणि पुढे आम्लामुळे जिवाणूंचाच वेग मंदावतो. थोडक्यात, पंगत उठते तेव्हा पातेल्यात अर्ध्याहून जास्त भात शिल्लक असतो. तिथे आणखी मूठभर तांदूळ टाकून कोणाचं पोट जास्त भरणार?

आता तोंड नसताना खाणं. जिवाणू म्हणजे हजारांश मिलिमीटर लांबीची पिशवी. पिशवीचा पापुद्रा स्निग्ध, साखर पाण्यात विरघळणारी. तेलातून साखर जात नाही. म्हणून पापुद्र्यात प्रथिनांची दारं असतात, आणि प्रत्येक दाराला ठरावीकच साखर चालते. दार नसेल तर जिवाणू साखरेत पोहत असला तरी उपाशी.

दारांचे मुख्य प्रकार तीन-चार. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचं दार मला सगळ्यात आवडतं. त्याला लॅकएस म्हणतात. आपण गॅस एजन्सीत रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही ना, तसं. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. ती आत आली की फोडायची, ग्लुकोज वापरायचं, आणि गॅलॅक्टोज त्याच दारातून बाहेर देऊन नवं लॅक्टोज आत घ्यायचं. एक बाहेर, एक आत. या अदलाबदलीला वेगळी ऊर्जा मोजावी लागत नाही.

पिझ्झाप्रेमी

थांबा, म्हणजे दह्यात गॅलॅक्टोज पडून राहतं? फुकट?

सूक्ष्मदर्शी

हो. बहुतेक थर्मोफिलसना गॅलॅक्टोज पचवायची यंत्रणा असते, पण ती फार सुस्त. तुमच्या नावाला साजेसं उदाहरण देतो: मोझरेला चीज याच जिवाणूंनी करतात. चीजमध्ये गॅलॅक्टोज उरलं की भट्टीत प्रथिनांबरोबर त्याची प्रक्रिया होऊन चीजवर तपकिरी-काळे डाग पडतात. पिझ्झाच्या चीजवाल्यांची ही जुनी डोकेदुखी आहे.

पिझ्झाप्रेमी

म्हणजे मी ज्यांना 'वूड फायर्ड' म्हणून दाद देत होतो, ते जिवाणूंनी परत केलेले रिकामे सिलिंडर होते तर.

गणोजी

अहो सूक्ष्मदर्शी, चार म्हशीवाल्यांनी एका ओळीत सांगितलं तेच तुम्ही वीस ओळींत सांगितलं. साखर नको. विषय संपला.

सूक्ष्मदर्शी

विषय दह्यापुरता संपला. पुडीचा कुठे संपलाय?

नवआई

माझं बाळ चार महिन्यांचं आहे, त्यामुळे हाच धागा रात्री तीन वाजता वाचतेय. नर्सताई म्हणाल्या होत्या की आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मला वाटलं काहीतरी गैरसमज आहे. बाळाला पचत नाही ते दुधात कशाला असेल?

सूक्ष्मदर्शी

गैरसमज नाही, नर्सताईंना शंभर गुण. आईच्या दुधात लॅक्टोज साधारण सात टक्के, गायीच्या दुधापेक्षा बरंच जास्त. त्याशिवाय लिटरमागे पाच ते पंधरा ग्रॅम छोट्या साखळ्या असतात, दीडशेहून जास्त तऱ्हांच्या. बाळाच्या पोटात त्या फोडणारी पाचकद्रव्यंच नाहीत. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे त्यांचं गिऱ्हाईक बसलेलं असतं, बिफिडोबॅक्टेरियम. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हा जिवाणू १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए यांना सापडला. तो तिथे इतका का माजतो याचं उत्तर मिळायला पुढे शंभरावर वर्षं गेली.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या गटाने बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा जनुकसंच वाचला. त्यात एका जागी सलग अशी जनुकं निघाली की जणू आईच्या दुधासाठीच वेगळं कपाट लावून ठेवलंय: साखळी बाहेर पकडणारी प्रथिनं, आत ओढणारी दारं, आत गेल्यावर कापणाऱ्या कात्र्या. हे दार हमालाच्या पद्धतीचं. बाहेर एक प्रथिन साखळी पकडतं, दाराशी आणतं, आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, मोडून ती आत ओढली जाते. हमाली लागते, पण हमाल नगावर पैसे घेतो. एकेक साखर सुटी आणायची तर प्रत्येकीची वेगळी हमाली. चार-पाच साखरांची साखळी अख्खी आणली की एकदाच. लांब साखळ्यांसाठी हे दार म्हणून परवडतं.

नवआई

"बाळासाठी नाही, बाळाच्या भाडेकरूंसाठी" असं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मग भाडं कोण देतं?

सूक्ष्मदर्शी

देतात की. साखर मोडून हे जिवाणू अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आतड्यातली आम्लता वाढते आणि बऱ्याच उपद्रवी मंडळींना ती मानवत नाही.

त्यांच्यातही स्वभाव वेगवेगळे. इन्फँटिस डबा घरी नेऊन कडी लावून खाणारा. त्याचा भाऊबंद बिफिडम मात्र बाहेरच साखळी कापायला बसतो, त्यामुळे सांडलेले तुकडे शेजारीपाजारी उचलतात.

तात्या_ठाणेकर

बिफिडम म्हणजे आमच्या सोसायटीतले कुलकर्णी. गच्चीवर आंबे कापतात आणि मग "कोणी खाल्ले?" म्हणून व्हॉट्सॲपवर विचारतात.

डॉ_खडूस

धागा चांगला आहे, पण एक गंभीर सूचना. 'बाळांना बिफिडो चांगला' एवढंच वाचून कोणी आपल्या मनाने पुडी देऊ नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अजिबात नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यावर स्पष्ट इशारा दिलाय.

आता दह्याबद्दल. माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट "दूध प्यायलं की गुडगुडतं, दही चालतं" म्हणतात, आणि घरचे त्यांना नाटकी ठरवतात. ते नाटक नाही. दूध चाललं नाही तरी दही का चालतं? दह्यातले जिवाणू लॅक्टोज फोडणारं पाचकद्रव्य स्वतःच्या पोटात घेऊन येतात. आपल्या जठरातल्या आम्लातून ते त्या पिशवीत सुरक्षित पार होतं. लहान आतड्यात पित्त भेटलं की पिशवीचा पापुद्रा ढिला पडतो आणि आतलं द्रव्य आपल्याच जेवणातल्या लॅक्टोजवर काम करतं. जिवाणू बिचारा मरतो, पण डबा पोचवून मरतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, अट एवढीच की ग्रॅममागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. प्रोबायोटिकच्या नावावर केलेले शेकडो दावे त्यांनी फेटाळले, त्यात हा टिकला.

गणोजी

डॉक्टर, म्हणजे घरचं दही प्रोबायोटिक आहे ना? मग पुडी कशाला?

डॉ_खडूस

तांत्रिक उत्तर: नाही. एफएओ आणि डब्ल्यूएचओ या जागतिक संस्थांच्या २००१ च्या व्याख्येप्रमाणे जिवाणू जिवंत हवा, पुरेशा संख्येत हवा, आणि त्याचा फायदा दिसलेला हवा. आपल्याकडे आयसीएमआर आणि डीबीटी या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही नेमका वाण, म्हणजे जातीतला उपप्रकार, कोणता हे सांगावं लागतं. तुमच्या मडक्यात कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का?

कोल्हापुरी_रस्सा

आमच्या मडक्यात कोण आहे ते आमच्या आईला माहीत आहे. व्याख्या करणाऱ्यांना म्हणावं, जेवायला या.

फ्रायबुर्गची_नीला

मी जिथे राहते त्याच गावची गोष्ट, म्हणून लिहितेय. पहिल्या महायुद्धात एका तुकडीत हगवणीची साथ आली, सगळे आडवे झाले, एक सैनिक मात्र ठणठणीत. १९१७ मध्ये इथल्याच आल्फ्रेड निस्ले या डॉक्टरांनी त्याच्या शीमधून ई. कोलाय वेगळा केला. तोच वाण आजही जर्मनीत कॅप्सूलमध्ये मिळतो. ई. कोलाय म्हटलं की आपल्याला पाणीपुरीवाल्याच्या बातम्या आठवतात, इथे औषधाच्या दुकानात मिळतो म्हटल्यावर माझी आई फोनवर दोन मिनिटं गप्प होती.

माझा प्रश्न: तो साखर कशी घेतो? सिलिंडरवाला की हमालवाला?

सूक्ष्मदर्शी

लॅक्टोजसाठी तिसराच प्रकार. जिवाणू आपल्या पापुद्र्याबाहेर प्रोटॉन ढकलून ठेवतो, धरणात पाणी अडवावं तसं. बाहेर दाब तयार होतो. लॅकवाय नावाच्या दारातून एक प्रोटॉन आत घसरतो आणि येताना एक लॅक्टोज घेऊन येतो. पाणी उतरताना जनित्र फिरतं, इथे साखर चढते.

ग्लुकोजसाठी चौथा प्रकार, आणि खरं तर हाच सगळ्यात धूर्त. १९६४ मध्ये कुंडिग, घोष आणि रोझमन यांनी ई. कोलायमध्येच तो शोधला. नाव लांबलचक आहे, आपण पीटीएस म्हणू. एसटीचा कंडक्टर दारातच तिकीट पंच करतो तसं इथे साखर आत येता येताच तिला फॉस्फेटचा छाप बसतो. छाप बसलेली साखर परत बाहेर जाऊ शकत नाही, आणि पचनाची पहिली पायरीही त्यातच उरकते. तो फॉस्फेट एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा हातोहात दाराशी येतो, विहिरीवरून बादल्या पुढे द्याव्यात तसा.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. खोलीच्या तापमानाला लागणाऱ्या दह्यात बहुधा लॅक्टोकॉकस असतो. तो लॅक्टोजसुद्धा याच छापवाल्या दाराने घेतो. गंमत म्हणजे त्या दाराची जनुकं त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लास्मिडवर असतात, म्हणजे खिशातल्या सुट्या चिठ्ठीवर. प्रयोगशाळेत नुसत्या ग्लुकोजवर पिढ्यानपिढ्या वाढवला तर चिठ्ठी हरवते, आणि मग तोच जिवाणू दुधात टाकला की ढिम्म हलत नाही. एकदा आमच्याकडे अख्खी बॅच अशीच गेली. दोन दिवस आम्ही दुधालाच शिव्या घालत होतो.

अदमुरी

अरे बापरे, म्हणजे त्याला गोडधोड लावून बिघडवलं तर तो दूध विसरतो? हे मी आत्ताच्या आत्ता स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या विरजणाला रोज दूधच मिळतं, साखर नुसती तोंडी लावायला."

सूक्ष्मदर्शी

त्यांचं बरोबर आहे. दुधात टिकायचं तर चिठ्ठी लागतेच, त्यामुळे रोजच्या विरजणात ती हरवलेले मागे पडतात.

एकमार्गी

अकरावी-बारावीला वाचलेलं आठवतंय की जिवाणूला दोन साखरा दिल्या तर आधी ग्लुकोज संपवतो, मग जरा थांबतो, मग दुसरी घेतो. जाक मोनो, १९४१, पॅरिस. मग चिमूटभर साखर घातल्यावर विरजण लॅक्टोज सोडून तिच्याच मागे लागेल ना? म्हणजे उलट उशीरच व्हायचा.

सूक्ष्मदर्शी

सुरेख प्रश्न. ई. कोलायसाठी मोनो बरोबर. दह्यातला थर्मोफिलस मात्र उलट्या डोक्याचा. त्याला ग्लुकोजपेक्षा लॅक्टोज जास्त प्रिय. इतक्या पिढ्या दुधात काढल्या की घरचा वरणभात सोडून हॉटेलात जावंसंच वाटत नाही. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, त्याला घेता येते, पण दूध समोर असताना ती दुय्यम. त्याचा जोडीदार बुल्गारिकस तर बहुतेक वेळा सुक्रोजला हातच लावत नाही.

मळी

साखर कारखान्यात केमिस्ट होतो, साताऱ्याकडे. तुम्ही सगळे साखर आत घेणाऱ्यांची कौतुकं करताय, मी बाहेरच उद्योग करणाऱ्याची तक्रार मांडतो.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की त्यात ल्युकोनोस्टॉक शिरतो. हा पठ्ठ्या सुक्रोज आत नेतच नाही म्हणा ना, बाहेरच त्याचं पाचकद्रव्य सोडतो. ते सुक्रोजमधलं ग्लुकोज जोडत जोडत लांब दोर वळतं, त्याला डेक्स्ट्रान म्हणतात, आणि सुटं झालेलं फ्रुक्टोज जिवाणू आत घेतो. रस असा बुळबुळीत होतो की गाळणीतून पडता पडत नाही, पाक घट्ट होतो, स्फटिक लांबुडके सुया होऊन येतात. गळीत हंगामात रात्री अडीचला पॅनवर उभं राहून मी या जिवाणूला जे काही बोललोय ते इथे लिहिता येणार नाही. ऊस तोडला की चोवीस तासांत गाळा, असं शेतकऱ्याला सांगून सांगून घसा बसायचा, आणि ट्रॅक्टरची रांग काही हलायची नाही.

मुद्दा असा की हाच ल्युकोनोस्टॉक कधीकधी घरच्या दह्यातही असतो, इडलीच्या पिठात तर असतोच. तेव्हा अदमुरीताई, सासूबाईंच्या दह्याला तार येते का हो?

अदमुरी

मळीकाका!! येते!!! सासूबाईंच्या दह्याला कधीकधी चमच्याबरोबर तार येते, आणि माझ्या दह्याला फारशी नाही. मी आजवर ते भांड्यावर ढकलत होते.

सूक्ष्मदर्शी

उड्या मारू नका. तार दुसऱ्या वाटेनेही येते. थर्मोफिलसचे काही वाण लॅक्टोजमधलंच थोडं ग्लुकोज आतल्या आत वळवून साखरेचे धागे बाहेर सोडतात. त्याला सुक्रोज लागत नाही. काही ठिकाणी असे तारेचे वाण मुद्दाम वापरतात, दही दाट लागतं आणि पाणी सुटत नाही. तुमचं विरजण आणि सासूबाईंचं विरजण एकच आहे का?

अदमुरी

नाही. त्यांचं माहेरून आलेलं, मी लग्नात आईकडून आणलेलं. दोन वेगळ्या वाट्या. (हो, फ्रिजमध्ये कप्पेही वेगळे. हसू नका.)

तात्या_ठाणेकर

एका घरात दोन विरजणं. तुमच्याकडे सून आली की फ्रिज मोठा घ्यावा लागेल.

कडधान्यप्रेमी

अवांतर: पावटे, वाल, हरभरे खाल्ल्यावर जे होतं त्यालाही साखरच जबाबदार ना?

डॉ_खडूस

हो. रॅफिनोज आणि स्टॅकिओज. आपल्याकडे त्या फोडायचं द्रव्य नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे आहे, आणि ते जोरात कामाला लागतात. त्यातून वायू. मोड आणले की कोंब फुटताना बी स्वतःच त्या साखरा बऱ्याच वापरून टाकतं, म्हणून मोडाची उसळ सुसह्य होते.

तात्या_ठाणेकर

मागच्या वर्षी कोकणात वालाचं बिरडं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. परतीच्या एसटीत कंडक्टरने तिकीट पंच केलं ते दारातच उभं राहून, आत आलाच नाही.

एकमार्गी

पुडीच्या प्रश्नाकडे कोणी वळेल का? फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड कोण, कसं खातं?

सूक्ष्मदर्शी

वळतो. ही साखळी कांदा, लसूण, केळी यांच्यात असतेच. पोटातले जिवाणू ती निरनिराळ्या वाटांनी खातात. लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस हमालवाल्या दाराने अख्खी आत ओढतो आणि आत कापतो. त्याचा भाऊबंद प्लँटेरम छापवालं दार वापरतो. पॅराकेसीचे काही वाण भिंतीला चिकटवलेल्या कात्रीने बाहेरच तुकडे करतात. आणि पुष्कळ वाणांकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे पुडीतल्या जिवाणूला ती शिदोरी खाता येते का, हे त्याच्या जातीवरून नाही, वाणावरून ठरतं.

अ‍ॅसिडोफिलसचं हे दार २००३ मध्ये रोडॉल्फ बारँगू यांनी दाखवलं. तिथेही आणखी एक गोष्ट दिसली: ग्लुकोज भरपूर असेल तर ही जनुकं बंदच राहतात. सोपं मिळतंय तर कष्ट कोण करणार. हेच बारँगू पुढे डेअरीसाठी विरजणं बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि २००७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी आपल्या दह्यातल्या थर्मोफिलसमध्येच क्रिस्पर ही जनुकांतली यंत्रणा जिवाणूला विषाणूंपासून संरक्षण देते हे प्रयोगाने सिद्ध केलं. आज जनुकं कापायला जगभर जी क्रिस्परची कात्री वापरतात, तिच्या गोष्टीत दह्याचा वाटा एवढा मोठा आहे.

गणोजी

हे मात्र माहीत नव्हतं. मान्य. पण पुडीवर 'या वाणाला ही शिदोरी चालते' असं लिहिलेलं असतं का?

सूक्ष्मदर्शी

मी पाहिलेल्या पुड्यांवर नव्हतं. इथे तुमचा खवचटपणा रास्त आहे.

फ्रायबुर्गची_नीला

आणि शिदोरी पोटातल्या दुसऱ्याच कोणी पळवली तर?

सूक्ष्मदर्शी

पळवतातच. आतड्यात भांडण जागेपेक्षा साखरेवरून जास्त होतं. तुमच्या निस्लेवर उंदरांमध्ये प्रयोग झाले. तो आणि आणखी एक निरुपद्रवी ई. कोलाय आधी बसवले, तर दोघांनी मिळून एवढ्या साखरा अडवल्या की मागून आलेल्या उपद्रवी ई. कोलायला पान वाढायला जागाच उरली नाही. एकट्याला ते जमलं नव्हतं, कारण प्रत्येकाच्या आवडीच्या साखरा वेगळ्या.

अदमुरी

शनिवारी प्रयोग केला. एकाच पातेल्यातलं दूध, एकच विरजण (माझं), तीन स्टीलच्या वाट्या. पहिली साधी, दुसरीत चिमूटभर साखर, तिसरीत चार चमचे. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवल्या.

सात तासांनी पहिली आणि दुसरी लागलेली, डोळे झाकून चव घेतली तर मला फरक कळला नाही. तिसरी अजून थरथरत होती, दोन तास जास्त लागले. सासूबाईंचं मत: "तिसरीचं काय ते दही, प्रसाद झाला."

कोल्हापुरी_रस्सा

एकदा करून त्याला प्रयोग म्हणत नाहीत. तीनदा करा. आणि स्टील नको, माती.

सूक्ष्मदर्शी

तिसरीचा उशीर अपेक्षितच. साखर जास्त झाली की ती पाणी धरून ठेवते, जिवाणू सुकल्यासारखा होतो. श्रीखंड टिकतं ते याच जोरावर.

बदामी_दूध

उशिरा आलो. मी व्हीगन आहे, शेंगदाण्याच्या नाहीतर बदामाच्या दुधाचं दही लावतो, विरजणाला मिरचीची देठं. साखर न घालता पातळ आणि बेचव होतं, एक चमचा घातली की आंबटपणा नीट येतो. म्हणजे अदमुरीताईंच्या सासूबाई माझ्या घरी बरोबर ठरतात!

सूक्ष्मदर्शी

हा प्रतिसाद पहिल्या दिवशी यायला हवा होता. तुमच्या दुधात लॅक्टोज नाहीच. दाण्यात आणि बदामात थोडं सुक्रोज असतं, पण घरी पाणी घालून काढलेल्या दुधात ते अगदीच थोडं उरतं. तिथे वरून घातलेली साखर हीच खरी जेवणाची सोय, अर्थात देठांवर आलेल्या जिवाणूला सुक्रोजचं दार असेल तर. आपल्या सुदैवाने झाडांवर राहणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंना ते बऱ्याचदा असतं, झाडात सुक्रोजच तर फिरतं.

अदमुरी

हे वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी पाठ ताठ केली. मग मी विचारलं, आई, पण आपण तर म्हशीचं दूध घेतो, तुम्ही नक्की का घालता? तर म्हणाल्या, "विरजणासाठी कोण घालतंय? ह्यांना आंबट चालत नाही." आणि सासऱ्यांकडे बोट.

मी म्हटलं, अहो अकरा वर्षं तुम्ही...

"मग तुला खरं वाटलं होतं का?"

तात्या_ठाणेकर

चिमूटभर साखरेने अर्धा लिटर दही गोड होतं यावर सासरेबुवांचा विश्वास आहे का, तो वेगळा धागा काढा.

मळी

काढा काढा. पण त्याआधी अदमुरीताई, ते सासूबाईंचं तारेचं विरजण थोडं मिळेल का? मी दर महिन्याला पुण्याला येतो. नोकरीत असताना तारेला शिव्या घातल्या, आता निवृत्तीनंतर कढीसाठी हवंय.

अदमुरी

विचारलं. देतील म्हणाल्या. वाटी मात्र परत आणायची, आणि रिकामी नाही.